नवी पिकअप, जुना ट्रेलर आणि ८५ च्या पुढे मारलं जाणारं शेपूट

तक्रार अशी आहे. जुन्या गाडीमागे वर्षानुवर्षं गुमान चालणारा ट्रेलर नव्या पिकअपमागे लावला की ताशी ८०-८५ किलोमीटरच्या पुढे शेपूट मारायला लागतो. ७० ला काही नसतं. ८० ला मागून कुणीतरी हलकेच ढुशी दिल्यासारखं वाटतं. ९० ला शेजारून एखादी बस किंवा कंटेनर गेला की ट्रेलर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि त्याच्यामागोमाग पिकअपचं बूडही. वेग उतरवला की थांबतं. सामान इकडचं तिकडे झालं की एखाद्या फेरीत होत नाही, सुटला प्रश्न असं वाटतं, आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच.

माझ्याकडे हेच चाललं होतं आणि गाडी नवी म्हटल्यावर संशय गाडीवरच. वर्कशॉपमध्ये अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग झालं, मागचे पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर बघून झाले, "गाडीत काही नाही साहेब" हेही ऐकून झालं. खरंच गाडीत काही नव्हतं. दोष ट्रेलरच्या दांडीवर (गाडीला जोडायचा पुढचा दांडा) पडणाऱ्या वजनात होता, ते फार कमी झालं होतं. पण ते वजन बिघडलं होतं ते मात्र नव्या गाडीमुळेच.

बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. रिकामी असताना मागून टणाटण उडते, पण ट्रेलर लावला की पाटे बसतात आणि चाल एकदम भारदस्त होते. टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची सेटिंग) लावला की गिअरबॉक्स चढावर वरखाली करत बसत नाही आणि उतारावर स्वतःहून खालचा गिअर धरून ठेवतो. मागच्या कॅमेऱ्यावरची मधली रेघ बॉलवर (पिकअपमागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) धरून एकट्याने ट्रेलर जोडता येतो, खाली उतरून बघायची कटकट संपली. डिझेल मात्र सपाटून पिते, आणि उंच पेटीसारखा ट्रेलर असेल तर त्याचं कारण वजनापेक्षा वारा जास्त असतो.

आधी सावरायचं कसं

कारण नंतर शोधू. हेलकावा सुरू झाला तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला, स्टेअरिंग घट्ट आणि सरळ धरा, गाडीला तिचा तिचा वेग उतरवू द्या. ट्रेलर डावीकडे गेला म्हणून स्टेअरिंग उजवीकडे, असं करू नका. माणसाचा हात या खेळात नेहमी उशिरा पोचतो आणि झोका मोडायच्या ऐवजी वाढवतो. ब्रेकवर उभं राहायचं नाही, कारण पिकअप अडते, ट्रेलर मागून ढकलत राहतो आणि मधल्या जोडावर घडी पडते. "जरा रेस दे, ताण बसला की सरळ होतो" हा सल्ला अजूनही मिळतो. क्षणभर सरळ होतोही, पण आता वेग वाढलेला असतो आणि पाय कधीतरी उचलावाच लागतो. तेव्हा जे होतं ते आधीपेक्षा वाईट.

ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ब्रेक कंट्रोलरचा हाताने चालवायचा खटका हळूच दाबा. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, तो मागे ओढ घेतो आणि जोडी सरळ होते. हा खटका कुठे आहे ते बोटांना न बघता कळलं पाहिजे. जोडणीच्या दाबावर चालणारे ओव्हररन ब्रेक असतील तर ही सोय नाही, तिथे पाय उचलणं एवढंच हातात. उतारावर तर जास्तच जपा. ट्रेलर ढकलायच्या मन:स्थितीत असतो, म्हणून वेग उतार सुरू व्हायच्या आधी कमी करायचा, मध्यावर नाही.

नव्या गाडीने काय बदललं

पहिला बदल वेगाचा. कुठल्याही गाडी-ट्रेलर जोडीत धक्का बसला की ट्रेलर थोडा झुलतो आणि झोका विरून जातो. वेग जसा वाढतो तसा झोका विरायला जास्त वेळ लागतो. एका ठरावीक वेगाला तो विरतच नाही, आणि त्याच्या वर गेलात तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. हा वेग प्रत्येक जोडीचा वेगळा असतो. दांडीवरचं वजन, सामान कुठे ठेवलंय, टायर किती कडक, दांडी किती लांब, यावर तो ठरतो. जुन्या गाडीची ७५ लाच दमछाक व्हायची, त्यामुळे हा वेग कधी गाठलाच जात नव्हता. नवीन टर्बो डिझेल दोन हजार आरपीएमच्या आतच असा जोर देतं की मागे दीड टन आहे याचा विसर पडतो. काटा ९५ वर कधी गेला ते कळत नाही. म्हणजे ट्रेलर आधीही फारसा शहाणा नव्हता, त्याची परीक्षा आत्ता झाली.

दुसरा बदल उंचीचा. पिकअपचा हिच (ट्रेलर जोडायचा मागचा सांधा) जुन्या गाडीपेक्षा बराच वर असतो. तोच सरळ बॉल माउंट (ज्यावर बॉल बसवतात ती पट्टी) लावला तर ट्रेलर नाक वर करून चालतो. माझ्या ट्रेलरचा हिशेब सांगतो. कपलरपासून (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) ॲक्सल ४ मीटर. कपलर २० सेंटिमीटर वर गेला की ट्रेलर जवळजवळ ३ अंश कलतो. भरलेल्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ८० सेंटिमीटर वर धरला तर तो ४ सेंटिमीटर मागे सरकतो, आणि १,५०० किलोच्या ट्रेलरच्या दांडीवरून तेवढ्यानेच १५ किलो उतरतात. एकाच ॲक्सलच्या ट्रेलरची ही गोष्ट. दोन ॲक्सल असतील तर नाक वर गेल्यावर मागच्या ॲक्सलवर जादा भार येतो आणि पुढची चाकं नुसती सोबत करतात.

तिसरा बदल सगळ्यात फसवा, कारण तो सोय म्हणून येतो. पिकअपला हौदा असतो. पूर्वी जनरेटर आणि अवजारांची पेटी ट्रेलरच्या दांडीवर बांधलेली असायची, दुसरी जागाच नव्हती. हौदा मिळाल्यावर ते जड सामान साहजिकच हौद्यात गेलं. ट्रेलर हलका झाला, म्हणजे बरंच झालं की! पण ते ८० किलो ॲक्सलच्या ३ मीटर पुढे बसून दांडीवर ६० किलोचा दाब देत होते. ८० ला ३ ने गुणा, ४ ने भागा. ट्रेलरचं एकूण वजन ८० ने कमी झालं आणि दांडी ६० ने हलकी झाली. नेमकं जे वजन त्याला सरळ ठेवत होतं तेच काढून घेतलं गेलं.

आता "पुन्हा पुन्हा" का, तेही बघा. ट्रेलरची १०० लिटरची पाण्याची टाकी ॲक्सलच्या १.६ मीटर मागे आहे. टाकी भरलेली असली की दांडीवरून ४० किलो उचलले जातात. टाकी रिकामी, तर ट्रेलर जेमतेम शहाणा. टाकी भरून निघालात तर ९० ला नाच. जाताना त्रास आणि येताना नाही, किंवा एका फेरीत आहे आणि दुसरीत नाही, असं होत असेल तर रस्ता, वारा, टायर या सगळ्यांच्या आधी पाणी, इंधनाचे कॅन आणि मागच्या स्टँडवर टांगलेल्या सायकली यांच्याकडे बघा. फेरीगणिक बदलणारं वजन हेच असतं.

वजन करा, अंदाज नको

दांडी हाताने उचलून "आहे की चांगली जड" म्हणणारे बरेच भेटतात. त्यावर विश्वास ठेवू नका. वजनकाट्यावर तीन वेळा वजन करायचं, प्रवासाला निघताना असतं तसं भरून, माणसांसकट. एकदा नुसती पिकअप. एकदा ट्रेलर जोडून, पण काट्यावर फक्त पिकअपची चारही चाकं, ट्रेलरची चाकं बाहेर. आणि एकदा सगळी जोडी. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी, नाहीतर दुसरा आकडा खोटा येतो.

माझे आकडे: नुसती पिकअप २,३००, ट्रेलर जोडलेली पिकअप २,३५०, सगळं मिळून ३,८००. म्हणजे ट्रेलर १,५०० किलोचा आणि दांडीवर फक्त ५०. साडेतीन टक्केसुद्धा नाही. हे आकडे समोर आल्यावर वर्कशॉपच्या फेऱ्या बंद झाल्या.

काटा जवळ नसेल तर घरातला वजनाचा काटा चालतो, फक्त दांडी थेट त्यावर टेकवू नका, मोडेल. एक जाड, न वाकणारी फळी घ्या. एक टोक काट्यावर, दुसरं टोक तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर, दोन्हीकडे टेकूसाठी लोखंडी नळीचा तुकडा. दोन टेकूंमधलं अंतर ९० सेंटिमीटर, आणि ट्रेलरच्या दांडीखालच्या जॅकचा पाय ठोकळ्याकडच्या टेकूपासून ३० सेंटिमीटरवर. फळी ठेवल्यावर काट्यावर जो आकडा दिसतो तो आधी वजा करायचा, मग जे येईल त्याला ३ ने गुणायचं. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना पुढे-मागे ठोकळे लावून, आणि कपलरची उंची बॉलवर असताना असते तेवढीच. जॅक कपलरच्या जितका जवळ तितका आकडा खरा. तो दांडीवर बराच मागे असेल तर आकडा थोडा जास्त दिसेल.

किती हवं? अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात. युरोपात कॅराव्हॅनसाठी ५ ते ७ टक्के चालतं, आणि ते वाचून काहीजण म्हणतात की १० टक्क्यांचा उगाच बाऊ आहे. पण तिकडचे कॅराव्हॅन त्याच हिशेबाने बांधलेले असतात, घर्षणाने झोका दाबणारे कपलर तिथे सर्रास असतात, आणि वेगही बांधलेला असतो. जर्मनीत ट्रेलरसकट ८०, वेगळी परवानगी असेल तर १००. पिकअपमागे सामानाचा ट्रेलर असेल तर मी १० च्या खाली जाणार नाही.

माझी दुरुस्ती अशी झाली: जनरेटर आणि पेटी परत दांडीवर, ६० किलो मिळाले. टाकी रिकामी करून निघायचं आणि पोचल्यावर भरायची, ४० मिळाले. खाली उतरता बॉल माउंट घेऊन ट्रेलर सपाट केला, १५ मिळाले. ५० चे १६५ झाले आणि ट्रेलर १,४८० चा, म्हणजे ११ टक्के. बॉल माउंट विकत घ्यायच्या आधी उंची मोजताना ट्रेलर जोडलेला आणि गाडी भरलेली हवी, कारण भार आल्यावर पिकअपचं बूड बसतं. रिकाम्या गाडीवर माप घेतलं तर नंतर ट्रेलर नाक खुपसून चालेल.

एक गोष्ट टक्केवारीत दिसत नाही. दांडीवर ११ टक्के आहेत, पण ते पुढच्या टोकाला एक जड वस्तू आणि मागच्या टोकाला दुसरी, असे जमवलेले असतील तर झोका तरीही सुटेल. मध्यापासून दुप्पट लांब ठेवलेलं वजन वळायला चौपट जड जातं, आणि एकदा वळायला लागलं की थांबायलाही चौपट. म्हणून जड सामान ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत, आणि टोकांना हलकं. मागे लटकवलेली स्टेपनी पुढे घेता आली तर घ्याच.

दांडी जड केल्यावर पिकअपचं काय

दांडीवरचं वजन म्हणजे पिकअपचंच सामान. अनेक मध्यम आकाराच्या पिकअपना ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी ३,५०० किलोची क्षमता दिलेली असते आणि त्याच्यासोबत दांडीवरची मर्यादा बहुधा ३५० किलोच्या आसपास. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरात, दुसरा पुस्तिकेत शोधावा लागतो. दांडीवरचं वजन, माणसं आणि हौद्यातलं सामान मिळून पेलोडमध्ये (गाडी स्वतःवर वाहू शकते तेवढ्या वजनात) बसलं पाहिजे, आणि गाडी-ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादा वेगळीच असते. बऱ्याच गाड्यांत पूर्ण पेलोड आणि पूर्ण ओढायचं वजन दोन्ही एकदम वापरताच येत नाही. बेरीज करून बघा.

शिवाय बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो. माझ्या गाडीत तो सव्वा मीटर मागे आहे आणि व्हीलबेस ३.२ मीटर, त्यामुळे दांडीवरचे १६५ किलो मागच्या ॲक्सलवर २३० होऊन पडतात आणि पुढच्या चाकांवरून ६५ उचलले जातात. पुढचं नाक हलकं झालं की स्टेअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. वजन मोठं असेल तर वेट डिस्ट्रिब्युशन हिचने हा भार परत पुढे ढकलता येतो. पण काही कंपन्या त्यांच्या पिकअपवर तो लावायला मनाई करतात, तेव्हा आधी पुस्तिका वाचा, मग खर्च करा.

उरलेलं, भराभर

हवा. मागच्या टायरमधली हवा रिकाम्या गाडीच्या आरामासाठी ठेवलेली असेल तर टायरची बाजू लवते आणि बूड डोलतं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो घ्या. ट्रेलरच्या टायरला ट्रेलरच्या पट्टीवरची हवा, आणि सगळी मोजणी टायर थंड असताना, निघायच्या आधी. पंपावर पोचेपर्यंत गरम झालेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो आणि लोक हवा काढून टाकतात.

बॉल. बॉलच्या डोक्यावर माप कोरलेलं असतं, कपलरवरही असतं, दोन्ही वाचा. ५० मिलिमीटर आणि २ इंच यांच्यात ०.८ मिलिमीटरचाच फरक आहे, पण ५० चा बॉल २ इंची कपलरमध्ये खडखडतो आणि झोक्याला मोकळी जागा देतो. पावणेदोन इंचापेक्षा थोडा मोठा, म्हणजे १ पूर्णांक ७/८ इंची बॉल २ इंची कपलरमध्ये बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात उसळून सुटू शकतो, तो तर लावायचाच नाही. कपलर बंद केल्यावर जॅकने दांडी दोन-तीन इंच वर उचलून बघा. पिकअपचं बूड सोबत वर आलं पाहिजे. नुसती दांडीच वर आली तर कुलूप बॉलखाली गेलेलंच नाही. साध्या कपलरच्या बॉलला ग्रीस लागतं, घर्षणाने झोका दाबणाऱ्या कपलरला अजिबात नाही. त्याच्या पॅडना कोरडा, रंग काढलेला, पुसलेला बॉल हवा. एकदा ग्रीस मुरलं की ते पॅड नावापुरते उरतात.

बेअरिंग आणि नट. ट्रेलर थांबवल्यावर हात प्रत्येक चाकाच्या हबजवळ न्यायचा. एक हब बाकीच्यांपेक्षा खूप तापलेला असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक. चाक काढून लावलं असेल तर ५०-८० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.

इलेक्ट्रॉनिक मदत. नव्या पिकअपमध्ये ट्रेलर स्टॅबिलिटी असते. झोका ओळखून ती इंजिनचा जोर कमी करते आणि पिकअपच्या एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते. काम चोख करते, पण झोका सुरू झाल्यावर. डॅशबोर्डवर तिचा दिवा एका फेरीत पुन्हा पुन्हा लुकलुकत असेल तर ती वाचवतेय म्हणून निर्धास्त होऊ नका, वजनकाट्यावर जा.

आणि याच गाड्यांवर "ट्रेलर तुटला" असा संदेश अधूनमधून येतो, ट्रेलर मागे व्यवस्थित असताना. त्याचा झोक्याशी संबंध नाही. गाडी दिव्यांना जाणाऱ्या करंटवरून ट्रेलर ओळखते, आणि ट्रेलरला एलईडी दिवे बसवले असतील तर ते इतका कमी करंट घेतात की तिला ट्रेलर दिसतच नाही. नाहीतर अर्थची वायर गंजलेली असते. प्लगच्या पिना घासा, अर्थ चेसिसवर जिथे बोल्ट केलाय तिथला रंग खरवडून पुन्हा आवळा, तरी आला तर एलईडीसाठीचा लोड रेझिस्टर (जादा करंट ओढणारा छोटा भाग) बसवा.

एवढं सगळं करूनही झोका राहिलाच तर ट्रेलरचा ॲक्सल वाकडा बसलाय का ते बघा. बॉलच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत टेपने माप घ्या, टेप ताणलेला हवा, दुसऱ्या माणसाने धरलेला. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. फरक दिसला तर एका बाजूचे टायर जास्त झिजलेलेही सापडतील. पाट्यांचे यू-बोल्ट सैल करून ॲक्सल सरळ बसवून घ्या, आणि ते होईपर्यंत ७० च्या वर नेऊ नका.